सकारली, पण वटली का? : अमेरिकेतल्या स्वस्त क्रेडिटचा हिशेब

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षाला 'कॉलेज अल्जिब्रा' नावाचा विषय असतो. वर्गसमीकरणं, फलनं, घातांक, लॉगॅरिदम असा त्याचा ऐवज. आपल्याकडच्या अकरावी सायन्सच्या मुलाला यात नवं फारसं काही सापडणार नाही. पण तिथे इंग्रजी साहित्य शिकायला आलेल्या मुलालाही गणिताचा एखादा विषय घ्यावाच लागतो, त्यामुळे दरवर्षी लाखो विद्यार्थी या विषयातून जातात.

हा विषय तीन क्रेडिटचा. त्याचा भाव मात्र दुकानागणिक बदलतो. चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात, त्याच राज्यातल्या रहिवाशासाठी, २०२४-२५ साली वर्षाची सरासरी फी ११,६१० डॉलर होती. वर्षाला तीस क्रेडिट धरली तर अल्जिब्रा पडतं जवळपास ११६० डॉलरला. खासगी विद्यापीठाची त्या वर्षीची सरासरी छापील फी ४३,३५० डॉलर. तिथे हाच विषय चार हजारांच्या वर जातो. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात तिथल्या रहिवाशाला एका युनिटचे ४६ डॉलर पडतात, म्हणजे सगळा विषय १३८ डॉलरला. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवायला २५ डॉलर, आणि पुढे आपली श्रेणी पाहून पसंत पडली तर ती ट्रान्सक्रिप्टवर चढवायला ४०० डॉलर. क्लेप नावाची परीक्षा दिली तर खर्च शंभर डॉलरच्या घरात. सोफिया नावाच्या कंपनीकडे महिन्याला ९९ डॉलर भरले की अल्जिब्रा झालंच, शिवाय त्याच महिन्यात आणखी जेवढे विषय उरकतील तेवढे.

वर्गसमीकरणाची दोन उत्तरं सगळीकडे तीच येतात. क्रेडिटही तीनच मिळतात. मग चार हजार डॉलर कोण देईल, आणि का?

याचं उत्तर शोधायला आपल्या जुन्या बाजारपेठेतला एक शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे हुंडी. पुण्याच्या पेढीवर लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीने सकारली, म्हणजे मान्य केली, तरच तिला अर्थ. आणि ती वटली, म्हणजे प्रत्यक्ष पैसे हातात पडले, तेव्हा व्यवहार पुरा. क्रेडिट ही शिक्षणातली हुंडी आहे. ती कितीला लिहून मिळाली यापेक्षा ती कोणत्या पेढीवर वटणार, हे आधी बघायचं असतं.

पेन्शनमधून निघालेलं माप

क्रेडिट हे ज्ञानाचं माप आहे अशी समजूत असते. त्याचा जन्म मात्र प्राध्यापकांच्या पेन्शनमधून झाला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली कॉलेज-शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. ते वाटायला जी संस्था उभी राहिली, तिच्यापुढे पहिलाच प्रश्न आला: कॉलेज म्हणायचं कशाला? त्या काळी अमेरिकेत कुणीही पाटी लावावी आणि कॉलेज म्हणवून घ्यावं अशी स्थिती होती. संस्थेने अट घातली की हायस्कूलचं ठरावीक शिक्षण पुरं केलेल्यांनाच प्रवेश देणारी संस्था म्हणजे कॉलेज. आणि ते शिक्षण मोजायला माप ठरवलं तासांचं. एका विषयाचे वर्षात १२० तास म्हणजे एक युनिट. पेन्शन हवी असलेल्या कॉलेजांनी हे माप मुकाट्याने स्वीकारलं.

पुढे १९१० साली मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याने त्याच संस्थेसाठी एक अहवाल लिहिला. कारखान्यातली कार्यक्षमता मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांच्या पठडीतला हा माणूस. त्याने कॉलेजांतही 'विद्यार्थी-तास' मोजावा असं सुचवलं. त्यातूनच आजचा हिशेब रुळला: आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, असं साधारण पंधरा आठवडे केलं की एक क्रेडिट. तीन क्रेडिटचा एक विषय, १२० क्रेडिटची पदवी, म्हणजे ढोबळमानाने चाळीस विषय.

म्हणजे हे माप मुळात बाकावर बसलेल्या वेळाचं. मुलगा काय शिकला ते त्यात मोजलेलं नाही. आज ज्या कंपन्या 'आठवडाभरात तीन क्रेडिट' विकतात, त्या या मापातल्या याच फटीतून आत शिरल्या आहेत. तास मोजून जर शिकण्याची खात्री होत नसेल, तर तास न मोजता थेट परीक्षा घेऊन क्रेडिट का देऊ नये, हा त्यांचा युक्तिवाद. आणि तो अगदीच पोकळ नाही.

बराकीतून आलेली मुलं

हा युक्तिवाद पहिल्यांदा सैनिकांमुळे पुढे आला. दुसरं महायुद्ध संपलं आणि सरकारी खर्चाने शिकायचा हक्क घेऊन लाखो जवान कॉलेजांच्या दारात उभे राहिले. कुणी लष्करात रेडिओ दुरुस्ती शिकला होता, कुणी जपानी भाषा, कुणी हिशेब. यांना पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवायचं का? अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही कॉलेजांची शिखर संघटना, तिच्या आद्याक्षरांवरून तिला सगळे 'एस' म्हणतात. तिने लष्करी प्रशिक्षणं तपासून 'याला अमुक विषयाची तमुक क्रेडिट द्यायला हरकत नाही' अशी शिफारस करायला सुरुवात केली. १९७४ पासून हीच तपासणी कंपन्यांच्या आणि इतर संस्थांच्या अभ्यासक्रमांनाही लागू झाली. न्यू यॉर्क राज्याच्या शिक्षण-मंडळाच्या छत्राखाली वाढलेली एनसीसीआरएस ही दुसरी संस्थाही हेच काम करते.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. १९६७ साली कॉलेज बोर्डाने क्लेप परीक्षा सुरू केली: विषय कुठेही शिका, दीड तासाची परीक्षा द्या, क्रेडिट घ्या. आणि १९७१ ते १९७३ या काळात न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट या तीन राज्यांनी एकेक कॉलेज असं काढलं, ज्याचं मुख्य काम शिकवणं नव्हतंच. ठिकठिकाणी मिळवलेली क्रेडिट गोळा करून त्यांची पदवी बांधून देणं, हेच त्यांचं काम. आज ती एक्सेल्सिअर, थॉमस एडिसन स्टेट आणि चार्टर ओक स्टेट या नावांनी ओळखली जातात. नोकरी करत उरलेली पदवी पुरी करणाऱ्यांत या तिघांना 'बिग थ्री' म्हणतात.

म्हणजे हुंडी लिहिणारे आणि हुंडी वटवणारे, दोघेही पन्नास वर्षांपूर्वीच बाजारात आले होते. इंटरनेटने फक्त हुंडी लिहिण्याचा खर्च पाडला.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्यायला हवी. 'एस'ची शिफारस म्हणजे मान्यता नव्हे. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी अभ्यासक्रम बघून दिलेला तो सल्ला आहे. तो मानायचा की नाही हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं, आणि नाकारताना त्याला कारण द्यावं लागत नाही.

चार दुकानं, चार रीती

आता दुकानांकडे वळू. जाहिराती सगळ्यांच्या सारख्याच असतात, म्हणून प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत: पैसे कशाचे घेता, परीक्षा कशी घेता, विषय कोणत्या पातळीचे, आणि क्रेडिटची नोंद कुणाच्या नावाने होते.

सोफिया लर्निंग ही मिनियापोलिसमध्ये निघालेली कंपनी. आज ती स्ट्रॅटेजिक एज्युकेशन या समूहाकडे आहे. कॅपेला आणि स्ट्रेयर ही दोन विद्यापीठं त्याच समूहाची. हिचा हिशेब अमर्याद थाळीचा: महिन्याचे ९९ डॉलर भरा आणि पोटभर जेवा. मात्र ताटात एका वेळी दोनच पदार्थ. एक विषय संपला की पुढचा उघडतो. छोट्या-छोट्या चाचण्या, प्रत्येक घटकाला एक मोठी चाचणी, काही विषयांत लिहून द्यायचे निबंध. बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्याची देखरेख नसते, ७० टक्क्यांना पास. वेगाने शिकणाऱ्याला हे फार स्वस्त पडतं. महिन्यात तीन विषय उरकले तर विषय ३३ डॉलरला पडला. पण तीन महिन्यांत एकच विषय रखडत पुरा केला तर त्याचेच २९७ झाले, आणि तेवढ्यात कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज शिक्षकासकट दोनदा मिळालं असतं. थाळी नेहमी खादाडाच्या फायद्याची असते. आणि इथले विषय जवळजवळ सगळे पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे.

स्टडी डॉट कॉम २००२ साली कॅलिफोर्नियात दोन कॉलेज-मित्रांनी सुरू केली. तीही महिन्यावारीच चालते, पण क्रेडिटची योजना घ्यायची तर महिन्याला दोनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात, आणि अंतिम परीक्षा ठरावीक संख्येतच पदरात पडतात. मग इथे कुणी का यावं? कारण वरच्या पातळीचे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विषय इथे मिळतात, आणि पदवीला ते काही प्रमाणात लागतातच. अंतिम परीक्षा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली होते. शिकवणं छोट्या-छोट्या व्हिडिओंतून.

स्ट्रेटरलाइन हा या धंद्यातला जुना खेळाडू. बर्क स्मिथ यांनी ती काढली ती साधा प्रश्न विचारून: पहिल्या वर्षाचे ठोकळेबाज विषय शिकवायला कॉलेजला खर्च फार थोडा येतो, मग फी इतर विषयांएवढीच का? त्यांनी महिन्याचं ९९ डॉलरचं सभासदत्व आणि वर प्रत्येक विषयाची वेगळी किंमत अशी रीत बसवली. कॅन्ससमधल्या फोर्ट हेज स्टेट विद्यापीठाने त्यांच्याशी हातमिळवणी केली तेव्हा आवाज उठवला तो तिथल्या विद्यार्थ्यांनीच: आमच्या पदवीची किंमत यात घसरते, असं त्यांचं म्हणणं. पण त्या भांडणाच्या मुळाशी पैशाचा मुद्दा होता. पहिल्या वर्षाचे फुगलेले वर्ग आणि त्यांची फी यांतूनच वरच्या वर्षांचे छोटे वर्ग, प्रयोगशाळा आणि संशोधन यांना आधार मिळतो. स्वस्त दुकान नेमका तोच आधार काढून घेतं.

क्लेपची रीत सगळ्यांत वेगळी. ती शिकवतच नाही. चौतीस विषयांच्या परीक्षा, गुण २० ते ८० च्या पट्टीवर, आणि 'एस'ने सुचवलेली पासाची रेषा ५०. नापास झालात तर तोच विषय पुन्हा द्यायला तीन महिने थांबा. परीक्षा-केंद्र स्वतःचं शुल्क वेगळं घेऊ शकतं. मात्र मॉडर्न स्टेट्स नावाची धर्मादाय संस्था क्लेपच्या तयारीचे अभ्यासक्रम फुकट देते, आणि ते पुरे केले की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. म्हणजे नेटाने बसलेल्याला अल्जिब्राची तीन क्रेडिट शून्य डॉलरला मिळू शकतात. सुमारे २९०० कॉलेजं क्लेप मान्य करतात, त्यात मोठी सरकारी विद्यापीठंही आहेत. जुन्या भाषेत सांगायचं तर यातली दर्शनी हुंडीच्या, म्हणजे दाखवताच वटणाऱ्या हुंडीच्या, सर्वांत जवळ जाणारी हीच.

यांच्या जोडीला सेलर ॲकॅडमी आहे: अभ्यासक्रम फुकट, देखरेखीखालच्या परीक्षेचं फक्त किरकोळ शुल्क. पैसा मायकेल सेलर या सॉफ्टवेअर उद्योजकाच्या प्रतिष्ठानाचा. कोर्सेरावरची गूगलची काही प्रमाणपत्रंही 'एस'ने तपासलेली आहेत.

आणि एक वेगळी जात आहे, जिच्याकडे लोक महाग म्हणून पाठ फिरवतात. ॲरिझोना स्टेटचे ४०० डॉलर कशाचे? तिथे मिळणारी नोंद थेट विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर, श्रेणीसकट येते. ती 'एस'ची शिफारस नसते. ॲरिझोना स्टेटचा नियमित विद्यार्थी जी नोंद घेऊन जातो, तिच्याच तोलाची ती असते. दुसऱ्या विद्यापीठाच्या खिडकीवर या दोन कागदांकडे फार वेगळ्या नजरेने बघितलं जातं. चारशेतले निम्म्याहून जास्त डॉलर त्या नजरेचे आहेत असं समजा.

सकारणं आणि वटणं

इथे बहुतेकांची चूक होते. कॉलेजच्या वेबसाइटवर 'आम्ही नव्वद क्रेडिटपर्यंत स्वीकारतो' असं वाचतात आणि दहा-बारा विषय धडाधड करून टाकतात. नंतर मूल्यांकन येतं तेव्हा दिसतं की सगळी क्रेडिट स्वीकारली आहेत. पण ती 'मुक्त ऐच्छिक' नावाच्या डब्यात पडली आहेत. त्या डब्यात जागा वीसच क्रेडिटची, आणि आपण टाकली छत्तीस. वरची सोळा सकारली, पण वटली नाहीत.

प्रत्येक पदवीचं कपाट आधीच खणाखणांत वाटलेलं असतं. सर्वसाधारण शिक्षणाचे खण, मुख्य विषयाचे खण, त्यातही वरच्या पातळीचे ठरावीक, आणि उरलेले ऐच्छिक. मानसशास्त्राची तोंडओळख सोफियावर केली आणि तीच पुन्हा क्लेपने दिली, तर दुसरी वाया. संख्याशास्त्र केलं, पण विभागाला हवं होतं 'व्यवसायासाठी संख्याशास्त्र', तर ते ऐच्छिकात. शिवाय जवळजवळ प्रत्येक कॉलेज काही क्रेडिट स्वतःकडेच करायला लावतं; बऱ्याच ठिकाणी ही अट तीस क्रेडिटची, म्हणजे पदवीच्या चौथ्या हिश्श्याची.

ही गळती फक्त स्वस्त दुकानांच्या मालाची नाही. अमेरिकी संसदेच्या हिशेब-तपासणी खात्याने २०१७ साली अहवाल दिला होता. २००४ ते २००९ या काळात एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाटेत गळाली, असा त्यांचा अंदाज. रीतसर वर्गात बसून, पूर्ण फी भरून मिळवलेल्या क्रेडिटची ही गत. मग शिफारशीवर चालणाऱ्या क्रेडिटची काळजी किती घ्यायला हवी, ते सांगायला नको.

वटवणाऱ्या पेढ्याही ठरलेल्या आहेत. बिग थ्री तर आहेतच. एकोणीस राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून १९९७ साली स्थापलेलं वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठ सोफिया आणि स्टडी डॉट कॉमचे कोणते विषय आपल्या कोणत्या विषयाऐवजी चालतील याच्या याद्याच छापतं. मेनमधल्या प्रेस्क आइल इथलं सरकारी विद्यापीठ आणि सदर्न न्यू हॅम्पशायर विद्यापीठ हीही नव्वदपर्यंत बाहेरची क्रेडिट घेतात. ही सगळी नोकरदार, प्रौढ, मध्येच शिक्षण सुटलेल्या विद्यार्थ्यांवर चालणारी विद्यापीठं. उलट ज्यांच्या दाराशी प्रवेशासाठी रांग आहे अशी निवडक विद्यापीठं या हुंड्यांकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत. मेडिकलला जायचं असेल तर जीवशास्त्र-रसायनशास्त्र प्रयोगशाळेसकट, वर्गात केलेलं लागतं. नर्सिंग, शिक्षकी पेशा, इंजिनिअरिंग यांत पदवीच्या पलीकडे परवाना देणारं मंडळही बसलेलं असतं आणि त्याचे नियम वेगळे.

आणखी एक बाजू आहे. या क्रेडिटला सहसा श्रेणी नसते, नुसतं 'पास' असतं. ज्याची आधीची सरासरी चांगली आहे त्याला हे बरं. ज्याला सरासरी वर काढायची आहे त्याच्या हे काहीच कामाचं नाही. सरकारी शिक्षण-साहाय्यही या कंपन्यांच्या फीला मिळत नाही, कारण त्या कॉलेज नाहीत. एखाद्या गरीब विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजची सगळी फी सरकारी अनुदानातून मिळत असेल, तर त्याच्यासाठी ९९ डॉलरचं दुकान महाग ठरतं.

आणि अल्जिब्राचं काय? पुढे कॅल्क्युलस घ्यायचं नसेल, तर पुस्तक उघडून दिलेल्या चाचणीने कुणाचं काही बिघडत नाही. पण घ्यायचं असेल, तर लॉगॅरिदम कच्चे ठेवून मिळवलेली तीन क्रेडिट पुढच्या सत्रात सव्याज वसूल होतात. शेवटचा विषय म्हणून जे घ्यायचं ते स्वस्तात घ्या. ज्याच्यावर मजला चढवायचा आहे तो पाया शिक्षकासमोर बसून भरा.

आपल्या माणसांचा संबंध

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय निघतो तो बहुधा तीन निमित्तांनी.

पहिलं निमित्त बी.कॉम.चं. अमेरिकेत सीपीए, म्हणजे सनदी लेखापाल, व्हायचं तर बहुतेक राज्यांची जुनी अट १५० क्रेडिटची. आपली तीन वर्षांची बी.कॉम. साधारण ९० क्रेडिट धरली जाते, एम.कॉम. जोडली तरी काही जणांना थोडी कमी पडतात. ही तूट भरायला स्वस्त क्रेडिट मोहात पाडतात. पण इथे वटवणारं असतं राज्याचं अकाउंटन्सी मंडळ, आणि प्रत्येक राज्याचा नियम निराळा. कित्येकदा मंडळ म्हणतं की क्रेडिट मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर आलेली असावीत; थेट कंपनीचा कागद चालत नाही. त्यात २०२५ साली ओहायो, व्हर्जिनिया यांसारख्या राज्यांनी १२० क्रेडिटची पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्यायी मार्ग मोकळा करणारे कायदे केले. जुन्या सल्ल्यावर विसंबून तीस क्रेडिट विकत घेण्याआधी आपल्या राज्याचा ताजा नियम वाचलेला बरा.

दुसरं निमित्त एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांचं. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला किमान बारा क्रेडिट घ्यावी लागतात आणि त्यात ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. बाहेरच्या कंपनीकडे केलेले विषय या बारांत धरतच नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादा विषय उरकून पुढच्या वर्षाची फी वाचवता येते, पण तेही आपल्या कॉलेजची लेखी परवानगी आधी घेऊन. नियमित विद्यार्थ्याने बाहेर केलेल्या विषयाला कॉलेज मागाहून नकार देऊ शकतं.

तिसरं निमित्त नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-फोर व्हिसावर आलेल्या बायकांचं. शिकायला मुभा आहे, नोकरीला बहुतेकींना नाही, आणि हातात भारतातली पदवी. इथे मन घट्ट करून विचारायचा प्रश्न असा की दुसरी बॅचलर पदवी खरंच हवी आहे का. कित्येकींना भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घेणं आणि मास्टर्सला लागणारे दोन-तीन पायाभूत विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात करणं एवढंच पुरतं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वेळा सांभाळून खऱ्या वर्गात बसलं की ओळखीही होतात आणि पुढे शिफारसपत्र देणारा प्राध्यापकही भेटतो. चाचण्या तपासणारं सॉफ्टवेअर शिफारसपत्र लिहीत नाही.

आपल्याकडचा पाट

भारतात हेच काम वेगळ्या वाटेने चाललं आहे. इथे दुकानदार मुख्यतः सरकार. आयआयटी आणि बंगळूरचं आयआयएससी यांचा एनपीटेल उपक्रम २००३ पासूनचा. 'स्वयम्' हा सगळ्या विषयांचा सरकारी मंच २०१७ च्या जुलैत सुरू झाला. अभ्यासक्रम फुकट, परीक्षेची फी एनपीटेलकडे साधारण हजार रुपये, आणि परीक्षा घरात बसून नाही, तर केंद्रावर जाऊन. बारा आठवड्यांच्या विषयाला तीन क्रेडिट. घरच्या असाइनमेंट पंचवीस गुणांच्या, परीक्षा पंचाहत्तरची, आणि दोन्हींत स्वतंत्र पास व्हायचं. सोफियाच्या थाळीच्या मानाने हा कडक उपवासच.

इथे हुंडी वटवण्याची सोयही नियमातच केलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एका सत्राच्या अभ्यासक्रमातले वीस टक्क्यांपर्यंत विषय ऑनलाइन घ्यायला परवानगी दिली आणि २०२१ साली ही मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली. त्याच वर्षी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. तिच्यात क्रेडिट सहसा सात वर्षं ठेवता येतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेकडे निम्मी तरी क्रेडिट मिळवावी लागतात.

पण 'घेऊ शकतात' आणि 'घेतात' यांतलं अंतर इथेही आहेच. विद्यापीठाच्या विद्या परिषदेने तो विषय आपल्या अभ्यासक्रमाशी जोडला नसेल, तर लातूरच्या मुलाने आयआयटी मद्रासच्या विषयात मिळवलेलं सुवर्ण प्रमाणपत्र भिंतीवरच राहतं.

एक आकडा मात्र जपून वाचावा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या पदवीला १६०. अमेरिकेत १२० क्रेडिट म्हणजे चार वर्षं. आकडा तोच, माप वेगळं. आपल्या मुलाच्या १२० क्रेडिटच्या गुणपत्रिकेवरून अमेरिकेतलं विद्यापीठ चार वर्षांची पदवी झाली असं मानेलच, असं नाही; ते वर्षं मोजण्याची शक्यताच जास्त.

उलट्या पावलांनी

म्हणून या बाजारात उलट्या पावलांनी चालावं. आधी पदवी कोणत्या कॉलेजातून हवी ते ठरवा. मग त्या पदवीचा खणाखणांचा तक्ता मिळवा आणि कागदावर उतरवून घ्या. कोणते खण बाहेरून भरता येतात ते रजिस्ट्रारला लेखी विचारा, विषयाचं नाव आणि कंपनीचं नाव दोन्ही घालून: 'सोफियाचं कॉलेज अल्जिब्रा मी केलं तर ते तुमच्या कोणत्या विषयाऐवजी धराल?' उत्तर 'ऐच्छिक' असं आलं तर थांबा. उत्तरात विषयाचा नेमका क्रमांक आला तर ते पत्र जपून ठेवा. मगच घड्याळ सुरू करा, कारण महिन्यावारीच्या दुकानात पहिला दिवस मोजायला लागतो तो पैसे भरल्याच्या क्षणापासून. सुट्टी कधी आहे, घरात लग्न कधी आहे, नोकरीत वर्षअखेरीची धावपळ कधी आहे, ते बघून महिना निवडा.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. अल्जिब्राचे चार हजार डॉलर तो देतो, ज्याला ती तीन क्रेडिट वटतील की नाही याचा विचारच करायचा नाही. हुंडी लिहिणारी आणि वटवणारी पेढी तिथे एकच असते. ज्याने पत्र पाठवून आधी विचारलं आहे त्याला तीच तीन क्रेडिट ९९ डॉलरला पडतात, क्लेपच्या व्हाउचरवर फुकटही पडतात. आणि ज्याने न विचारता ९९ डॉलर भरले, त्याला पुढच्या सत्रात तोच विषय पुन्हा अकराशेला घ्यावा लागतो. वर्गसमीकरणाची दोन उत्तरं तेव्हाही तीच येतात.